सवयीचा हप्ता

तोरसकरबाई घर घेण्याच्या दोन वर्षं आधीपासून त्या घराचा हप्ता भरत होत्या.

हे मला कळलं एका साडीवरून. आमच्या ऑफिसात दिवाळीच्या आधी एक साडीवाला यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत आपलं गाठोडं टाइपिंगच्या टेबलावर सोडायचा. बायका साड्या खांद्यावर टाकून बघायच्या, पुरुष आपण बघतच नाही असं दाखवत बघायचे. तोरसकरबाईंनी एक जांभळी नारायणपेठ उचलली, पदर उलगडला, काठ बोटांनी चाचपला आणि पुन्हा जशीच्या तशी घडी घालून ठेवून दिली.

"घ्या की बाई, तुम्हाला शोभेल," साडीवाला म्हणाला. "पैसे काय, सावकाश द्या."

"शोभेल ते दिसतंय मला. पण नाही जमणार. घराचा हप्ता आहे."

मी कंपनीत नवीन होतो. नवीन माणसाने काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "कुठे घेतलंत घर?"

"अजून घेतलं नाही."

"मग हप्ता कसला?"

"सवयीचा," बाई म्हणाल्या आणि डबा धुवायला गेल्या.

नव्वदीची पहिली वर्षं होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्याच्या पुढे आमची रबरी नळ्या बनवणारी कंपनी होती. मी कराडकडून येऊन अकाउंट्समध्ये चिकटलो होतो आणि नुकतंच लग्न करून तळवली गावात एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. तोरसकरबाई डिस्पॅचमध्ये होत्या. किती नळ्या कुठल्या ट्रकमधून कुठे गेल्या हे त्या लिहून ठेवायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने किडकिडीत, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलताना चेहऱ्यावरची एक रेघ हलायची नाही. त्या थट्टा करताहेत की गंभीर आहेत हे कंपनीत कुणालाच सांगता यायचं नाही. मला वाटतं, त्यांनाही त्यात फारसा फरक वाटत नसावा.

हप्त्याची भानगड मी पुढे त्यांना नीट विचारली. संध्याकाळी सुटल्यावर आम्ही कंपनीसमोर बसची वाट बघत उभे असायचो.

"हे बघा शिंदे," त्या म्हणाल्या, "माणूस घर कसं घेतो? आधी घर बघतो. ते आवडतं. मग बिल्डरला टोकन देतो. मग कर्जासाठी धावतो. आणि कर्ज मिळून पहिला हप्ता कापला गेला की त्याच्या लक्षात येतं, अरे, आपण जेवतोसुद्धा! मी जेवणाचं आधी बघून ठेवते."

म्हणजे असं की, आपल्या पगाराला कर्ज किती मिळेल आणि त्याचा हप्ता किती बसेल याचा त्यांनी अंदाज बांधला होता, आणि दर महिन्याच्या सात तारखेला तेवढी रक्कम त्या बँकेतल्या एका वेगळ्या खात्यात टाकत होत्या. ते पैसे त्यांच्या दृष्टीने गेलेले असायचे. उरलेल्यात महिना काढायचा. त्या गिरगावात भावाच्या कुटुंबाबरोबर राहत. त्यातच तिथल्या घरखर्चाचा वाटा, भाच्याची फी, पास आणि चहा.

"पण बाई, पैसे तुमचेच, खातं तुमचंच. एखाद्या महिन्यात नाही भरले तर काय बिघडलं?"

"एकदा नाही भरले. भावजयीचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. मग पुढच्या महिन्यात दोन भरले आणि वर दंड भरला."

"दंड? कुणाला?"

"मलाच. पण भरताना राग आला. म्हणजे बरोबर बसला."

ऑफिसात मात्र याचा भलताच अर्थ निघाला. आमचा शिपाई सावे याने सगळ्यांना सांगितलं की बाईंना एका बिल्डरने पुरतं गंडवलंय, घर नाही न् काही नाही, आणि बिचाऱ्या अजून हप्ते भरताहेत. ऐकणारे हळहळले. युनियनच्या लोकांनी 'अडचणीत सापडलेल्या सहकाऱ्यासाठी' अशी मोघम वर्गणी काढली. बाईंनीही काही न विचारता त्यात आपला वाटा दिला. वर्गणी त्यांच्याचसाठी आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग मी जरा जास्त द्यायला हवे होते." पैसे परत कसे करायचे याचा कुणालाच उलगडा होईना. शेवटी त्यातून डिस्पॅचमध्ये एक पंखा आला. तो बाईंच्या टेबलावर वारा टाकत नसे.

त्यांना घर का हवं होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तेही मी फार खोदून विचारल्यावर.

वडील लवकर गेले तेव्हा बाई मॅट्रिक होऊन नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. धाकटा भाऊ दिनू शाळेत होता. दिनूचं शिक्षण झालं, त्याला फोर्टमधल्या एका खासगी कचेरीत नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगा झाला. गिरगावातल्या खोल्या दोनच राहिल्या. बाहेरच्या खोलीत दिनूचा संसार होता आणि स्वयंपाकघरात बाई झोपत.

"त्रास काही नाही," त्या म्हणाल्या. "फक्त स्वयंपाकघरात झोपणाऱ्याची रात्र शेवटचा माणूस पाणी पिऊन गेल्यावर सुरू होते."

"दिनूभाऊंना कधी बोलला नाहीत?"

"बोलले तर तो स्वतः स्वयंपाकघरात झोपेल आणि मला बाहेर झोपवेल. आठवडाभर. मग त्याची कंबर धरेल. मग मीच त्याला सांगेन की बाबा, तू बाहेर जा. तो चांगला आहे हो शिंदे, तीच तर अडचण आहे."

दोन वर्षं असे हप्ते भरून झाल्यावर एक दिवस बाईंनी अर्धी रजा टाकली आणि मला म्हणाल्या, "चला, वाशीला जायचंय. कर्ज मागायला. जामीनदार व्हाल का म्हणून मागे म्हटलं होतं, कायम नोकरीवाले आहात, चालाल. बायकोला विचारलंत का?"

मी मंदाला विचारलं होतं. मंदा म्हणाली होती, "बाईंनी हप्ता बुडवला तर आपण कुठून भरायचा?" मी म्हटलं, त्या नसलेल्या घराचा हप्ता बुडवत नाहीत. मंदाने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग आपलं कर्ज काढू तेव्हा त्यांनाच जामीन घे."

वाशीला कर्ज देणाऱ्या संस्थेची कचेरी होती. आत गार हवा, काचेची टेबलं आणि समोर टाय लावलेला एक तरुण. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि अर्ज पुढे ओढला.

"मॅडम, मिस्टर काय करतात?"

"नाहीत."

"ओह, सॉरी. कधी गेले?"

"आलेच नाहीत."

तरुणाने टाय सरळ केला. "म्हणजे... सिंगल. ओके. आणि मॅडम, समजा, उद्या लग्न झालं तर?"

"तर त्यांनाही घर आवडेल."

"तसं नाही, आम्हाला विचारावं लागतं. बरं, प्रॉपर्टी कुठली?"

"अजून बघितली नाही."

"मग लोन कशासाठी?"

"घरासाठीच. पण आधी तुम्ही किती देणार ते सांगा, मग मी तेवढंच घर बघते. साडी घ्यायला जाताना आपण आधी पाकीट बघतो की नाही? तुम्ही साडी घेत नसाल, पण शर्ट घेत असाल."

तरुण म्हणाला की असं कुणी येत नाही. लोक फ्लॅट बघून, टोकन देऊन, कधीकधी डोळ्यांत पाणी आणून येतात. बाई म्हणाल्या, "ते पाणी वाचवायलाच मी आधी आले." मग त्यांनी पिशवीतून बँकेचं पासबुक काढून समोर ठेवलं. तरुणाने पानं उलटली. दर महिन्याला एकाच तारखेला एकच रक्कम.

"हे आधीचं कुठलं लोन आहे का?"

"तुमचंच आहे. तुम्ही अजून दिलं नाहीत, एवढंच."

तरुण पासबुक घेऊन आत गेला. थोड्या वेळाने मॅनेजर स्वतः बाहेर आले. चष्मा लावलेले, पन्नाशीचे सभ्य गृहस्थ. ते बाईंकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बसा, बसा." बाई बसलेल्याच होत्या.

मॅनेजरांनी हिशेब मांडला. निवृत्तीपर्यंतची वर्षं थोडी, त्यामुळे कर्ज बाईंच्या अंदाजापेक्षा बरंच कमी निघालं. बाईंचा अंदाज चुकला होता. निवृत्तीचं वय त्यांनी धरलंच नव्हतं. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण पिशवीचा बंद त्यांनी बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"म्हणजे खोली एक होईल," त्या म्हणाल्या.

"वन रूम किचन होईल. पासबुकातली शिल्लक तुमचा स्वतःचा वाटा म्हणून धरली तर नेरूळला आरामात होईल," मॅनेजर म्हणाले. "पण एक आहे बाई. हे शिंदे जामीन राहतील ते ठीक. दुसरा जामीनदार आम्हाला घरचा लागेल. भाऊ आहेत ना तुमचे? त्यांची सही आणा. लगेच मंजुरीपत्र देतो."

बाईंनी पासबुक उचलून पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "विचारते."

त्यांनी विचारलं. दिनूने नाही म्हटलं. आणि चारच दिवसांनी तो आमच्या कंपनीच्या गेटवर माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. ताईसारखाच किडकिडीत, हातात रेक्झिनची बॅग, आणि इतका अवघडलेला की गेटवरच्या वॉचमनने त्याला बसायला स्टूल दिलं होतं. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला.

"तुम्ही जामीन राहताय म्हणे."

"हो."

"नका राहू. म्हणजे, प्लीज. लोक काय बोलतील सांगा? भावाने म्हातारपणी बहिणीला घराबाहेर काढलं! ताईने मला मोठं केलं. आता ती एकटी तिकडे खाडीपलीकडे राहणार? आजारी पडली तर? आमच्याकडे तिला काय कमी आहे?"

स्वयंपाकघराचं मला ठाऊक होतं, पण ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. मी म्हटलं, "कमी काही नाही."

"मग?"

आम्ही दोघांनी कपाच्या तळाशी बघितलं. जाताना दिनूने डोळे पुसले आणि चहाचे पैसे दिले. मी सही करू नये म्हणून त्याने माझ्यावर केलेला खर्च एवढाच.

बाईंना मी हे सांगितलं. त्या ट्रकची पावती फाडत होत्या. "रडला का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "लहानपणीही असाच रडायचा," त्या म्हणाल्या, "आवाज न करता. त्यामुळे लक्ष द्यावंच लागायचं." त्या दिवशी त्यांनी एका ट्रकचा नंबर चुकीचा लिहिला. माझ्या माहितीत एवढाच.

सात तारखेला त्यांनी हप्ता नेहमीसारखा भरला. पण दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मॅनेजरांना जाऊन सांगून येऊ, सही मिळत नाही म्हणून. त्यांनी आपल्यासाठी वेळ घालवलाय. फोनवर सांगणं बरं दिसत नाही."

आम्ही वाशीला गेलो तेव्हा त्या गार हवेत काचेच्या टेबलासमोर एक ठेंगणी, गोरी बाई बसलेली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तोरसकरबाई दारातच थांबल्या.

"सुमन? तू इथे कशी? शाळा?"

"रजा टाकलीय," ती म्हणाली. दिनूची बायको. गिरगावातल्या महापालिकेच्या शाळेत ती शिक्षिका होती. "मला यांच्याशी बोलायचं होतं. मी विचारलं, घरचा म्हणजे भाऊच पाहिजे का? भावजय चालेल का?"

मॅनेजर खुशीत होते. "चालेल काय, उत्तम! सरकारी पद्धतीची कायम नोकरी. भावापेक्षा भावजय बरी पडेल आम्हाला."

"दिनूला माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही. रात्री सांगणार आहे. जेवण झाल्यावर. आधी सांगितलं तर ते जेवत नाहीत."

"सुमन, हे कशाला करतेस तू? घरात उगाच..."

सुमनवहिनी उठल्या नाहीत. पर्सकडे बघतच बोलल्या. "ताई, मी रात्री पाणी प्यायला उठते. तुम्ही डोळे मिटून पडलेल्या असता. झोपलेला माणूस एवढे घट्ट डोळे मिटत नाही. लग्न झाल्यापासून बघतेय मी. पाणी बाहेरच्या खोलीत तांब्यात भरून ठेवायला लागले, तर हे म्हणाले, तांब्याला मुंग्या लागतात. पाण्याला कधी मुंग्या लागतात? पण मी पुन्हा आत ठेवायला लागले." त्यांनी अर्ज पुढे ओढला. "सही कुठे करायची?"

टाय लावलेल्या तरुणाने पेन पुढे केलं. वहिनींनी शाळेच्या हजेरीपटावर करतात तशी स्वच्छ, पूर्ण नावाची सही केली. मग मी केली. माझी वाकडी आली. तोरसकरबाई उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा तसाच होता, रेघही हलली नव्हती, पण त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा मॅनेजरांच्या खुर्चीवर बसल्या. अर्ज पुरा होईपर्यंत मॅनेजर बिचारे उभे राहिले.

मंजुरीपत्र आठवड्याभरात आलं. सहीच्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर काय झालं ते मला कळलं नाही. एवढंच कळलं की दिनू दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याने ताईला विचारलं, "नेरूळला पाणी कसं असतं?"

मंजुरीपत्र पिशवीत ठेवून बाई घर बघायला निघाल्या. त्यांची घर बघायची पद्धत निराळी होती. बिल्डरने दाखवलेला फ्लॅट त्या पाच मिनिटांत बघायच्या, आणि मग रविवारी डबा घेऊन जाऊन त्या इमारतीच्या खालीच बसायच्या. सकाळपासून दुपारपर्यंत. कोण भांडतं, टँकर येतो का, मुलं कुठे खेळतात, ते सगळं बघायच्या. एका इमारतीच्या वॉचमनने त्यांना हटकलं, "कुणाकडे आलाय?" बाई म्हणाल्या, "माझ्याकडेच. पण मी अजून राहायला आले नाही." त्याने त्यांना सेक्रेटरीकडे नेलं. ती इमारत बाईंनी नापसंत केली, सेक्रेटरी फार बोलतो म्हणून.

शेवटी नेरूळला शिरवणे गावाजवळची एक इमारत त्यांना पसंत पडली. बिल्डर त्याच गावचा. म्हात्रेशेठ म्हणत त्याला. गळ्यात जाड साखळी, पांढरे कपडे, टेबलावर तीन फोन आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली त्याची म्हातारी आई. सोबत म्हणून बाई मला घेऊन गेल्या होत्या.

"बाई, फ्लॅट एक नंबर हाय," म्हात्रेशेठ म्हणाला. "तुमी टोकन टाका न् घरी जा. लोनचा टेन्शन नको. आपला मानूस हाय, सगला करून देल."

"लोन झालंय."

"झालाय? टोकनच्या आधी?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने मंजुरीपत्र हातात घेऊन उजेडात धरलं, जशी कुणी खोटी नोट बघावी. "मंग आता आमी काय करू?"

"तुमच्या माणसाला पाण्याचं बघायला सांगा. तिसऱ्या मजल्यावर दुपारी नळाला येत नाही."

"तुमाला कसा म्हाईत?"

"रविवारी खाली बसले होते."

"त्या तुमी व्हय! वॉचमन बोलला मना, कोन बाय डबा घेवून येते म्हनून." त्याने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला. "पानी होल. पन बाई, थोडा कॅश द्यावा लागंल. सगलेच देतान."

"मंजुरीपत्रात कॅश लिहिलेलं नाही."

"ता कागदावर नसते, बाई."

"मग माझ्याकडेही नसतं."

म्हात्रेशेठने तिन्ही फोनांकडे आळीपाळीने बघितलं. एकही वाजला नाही. तेवढ्यात कोपऱ्यातून म्हातारी बोलली, "दे रं तिला. एकटी बाय हाय."

मला वाटलं, झालं काम. पण तोरसकरबाई तिच्याकडे वळल्या. "आजी, एकटी आहे म्हणून नको. कागद पूर्ण आहेत म्हणून द्यायला सांगा."

म्हातारीने त्यांना वरून खाली न्याहाळलं. मग मुलाला म्हणाली, "मंग तसा दे. पन दे." आणि बाईंना म्हणाली, "हितं आमचा भात व्हायचा. पानी लय व्हता तवा."

"दुपारीसुद्धा?" बाईंनी विचारलं.

म्हातारी खूप वेळ हसली. फ्लॅट कागदावरच्या किमतीला मिळाला. पुढे पाणीही दुपारचं यायला लागलं. बाई राहायला गेल्यावर ती म्हातारी अधूनमधून त्यांच्याकडे येऊन बसायची. दोघी काय बोलत ते ठाऊक नाही. मी गेलो तेव्हा दोघी गप्पच बसलेल्या असायच्या.

वास्तुशांतीला दिनू आला होता. त्याने सगळ्या खिडक्या उघडून बघितल्या, नळ सोडून बघितले, भिंतींवर बोटांनी टकटक केली. नाव ठेवायला काही सापडेना. शेवटी म्हणाला, "हवा फार येते इथे." बाई म्हणाल्या, "थोडी घेऊन जा." तो हसला, आणि मग आवाज न करता रडला. बाईंनी त्याच्या हातात प्रसादाची वाटी दिली.

सुमनवहिनींनी हळूच विचारलं, "ताई, झोपता कुठे?"

"बाहेर. स्वयंपाकघराला रात्री कडी लावते."

"चोरांसाठी?"

"नाही. मीच पाणी प्यायला उठू नये म्हणून."

खरा हप्ता सुरू झाल्यावर बाईंच्या आयुष्यात काहीही बदललं नाही, आणि याचंच त्यांना समाधान होतं. "पगारातून कापला गेला ते कळलंच नाही," त्या म्हणायच्या. आमचं मात्र बदललं. मंदा त्यांच्याकडे जाऊन आली आणि पुढच्या महिन्यापासून आम्हीही नसलेल्या घराचा हप्ता भरू लागलो. मला ते फार जड गेलं. तिसऱ्या महिन्यात मी स्कूटरचा विषय काढला. मंदा म्हणाली, "घराचा हप्ता आहे," आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पुढे आम्हाला घणसोलीला घर झालं. जामीनदार म्हणून तोरसकरबाई आल्या होत्या. टाय लावलेला तरुण तोपर्यंत जाडजूड झाला होता. त्याने बाईंना ओळखलं आणि उठून उभा राहिला. आणि आमचं पासबुक न मागताच म्हणाला, "यांनीही आधी भरलंय का?"

नव्वदीच्या शेवटी आमच्या पट्ट्यातल्या कंपन्या एकेक करून आटपू लागल्या. आमच्याही कंपनीने स्वेच्छानिवृत्ती आणली. ती स्वेच्छेने घ्यावी लागे. गेटवर माणसं घोळक्याने उभी राहून घरांची, कर्जांची, मुलांच्या फीची बोलत. बाईंना जे पैसे मिळाले त्यातून त्यांनी उरलेलं कर्ज एका दिवसात फेडलं आणि मला येऊन पेढा दिला. "सुटलात," म्हणाल्या. मी कधी अडकलो होतो असं मला वाटलंच नव्हतं. पण पेढा खाताना बरं वाटलं, हे खरं. दुसऱ्या आठवड्यात त्या वाशीच्या घाऊक बाजारात एका कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याकडे गाड्यांच्या नोंदी ठेवायला लागल्या. नळ्यांपेक्षा कांदे बरे, निदान वास तरी ओळखीचा, असं त्यांचं मत पडलं.

त्या गेल्या ते साठीच्या जवळ असताना, दुपारी, जेवून आडव्या झाल्या असताना. दार आतून बंद होतं. शेजाऱ्यांनी उघडून घेतलं. मला सुमनवहिनींचा फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर मी आणि मंदा नेरूळला गेलो. दार वहिनींनी उघडलं. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी आणून दिलं आणि काही न विचारताच सांगितलं, "ताईंनी हे घर माझ्या नावावर करून ठेवलंय. वकिलाकडे जाऊन, रीतसर. हे म्हणाले, आपल्या नावावर म्हणजे एकच की. मी म्हटलं, एकच नाही."

"मग आता?"

"मुलाचं लग्न ठरतंय. गिरगावची जागा त्यांना. आम्ही इथे येणार. मी येणार, आणि हे येतात म्हणालेत."

दिनू आतल्या बाजूला स्टुलावर उभा होता. एका हातात हातोडी, ओठांत खिळा. खाली खुर्चीवर ताईचा फोटो ठेवलेला होता, फ्रेम करून आणलेला. फोटोतही बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दिनू पार पिकला होता. त्याने ओठांतला खिळा काढून भिंतीवर एके ठिकाणी टेकवला आणि विचारलं, "सुमन, इथे मारू?"

"थांबा जरा."

वहिनी मागे सरकत दारापर्यंत गेल्या आणि मान तिरकी करून भिंतीकडे बघू लागल्या. बराच वेळ गेला. दिनूचा हात अवघडला असावा. त्याने माझ्याकडे बघितलं. "शिंदे, तुम्ही सांगा, इथे बरा दिसेल ना?"

मी म्हटलं, "घर वहिनींचं आहे."

"हो, तेही आहे," दिनू म्हणाला, आणि हात खाली न घेता, भिंतीवर खिळा तसाच धरून उभा राहिला. वहिनी अजून बघत होत्या. त्यांना काही घाई नव्हती.